साऊथ बेमधलं छोटं गन शॉप आणि कॅलिफोर्नियाचा रायफल कायदा, माझा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार, अर्धा स्टार का कापला ते खाली येईलच. दुकान सॅन होझेपासून फार लांब नाही, नाव मात्र इथं लिहीत नाही कारण मालकांना शनिवारची गर्दी आत्ताच झेपत नाहीये आणि नाव टाकू नकोस असं त्यांनीच सांगितलंय. पण ज्या पद्धतीनं तिथं काम चालतं ते आपल्या मंडळींना कळायलाच हवं. ग्रीन कार्ड हातात आलं की ऑफिसातल्या मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जायला लागलेले, मग स्वतःची रायफल घ्यावी असं वाटायला लागलेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना इथला कायदा नक्की कशावर अडतो ते माहीत नसतं.

तर या दुकानात तुम्ही काउंटरवर जाऊन रायफल बघायचीय म्हटलं की पहिला प्रश्न बजेटचा येत नाही, तुम्ही सिटीझन आहात, ग्रीन कार्डवर आहात की व्हिसावर असं सरळ विचारतात. मला आधी जरा खटकलं, पण कारण ऐकल्यावर पटलं. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही, थोडे अपवाद आहेत, म्हणजे उदाहरणार्थ हंटिंग लायसन्स असणं, पण अपवाद सिद्ध करायची जबाबदारी तुमची. ग्रीन कार्डवाल्याला चालतं. आणि पुढची गोष्ट मालकांनी स्वतः सांगितली, जी मी आजवर दुसऱ्या कुठल्या विक्रेत्याच्या तोंडून ऐकली नव्हती. ग्रीन कार्डवर असताना बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर इमिग्रेशन कायद्यात ते थेट डिपोर्टेशनचं कारण आहे. म्हणजे इथं जन्मलेल्या माणसाला जी चूक दंड आणि वकिलाच्या फीवर सुटू शकते ती आपल्याला घरदार, मुलांची शाळा, सगळं सोडून जायला लावू शकते. हे ऐकल्यावर काउंटरवरच्या बाकीच्या गप्पांकडे मी फार लक्ष देऊन बघायला लागलो.

आता मुख्य गोष्ट. त्यांनी हिरव्या मॅटवर दोन रायफली शेजारी शेजारी ठेवल्या. एक रुगर मिनी-१४, लाकडी स्टॉकवाली (स्टॉक म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग), जी १९७० च्या दशकापासून बाजारात आहे, आणि दुसरी साधी काळी एआर-१५. दोन्ही सेमी-ऑटो, दोन्हीत .२२३ चीच गोळी, दोन्हीत मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा डबा, काढता-घालता येतं. चाप एकदा ओढला की एक गोळी, दोन्हीत तेच. पण मिनी-१४ चं साधं लाकडी मॉडेल इथं भिंतीवरून उचलून जसंच्या तसं विकता येतं, आणि एआर-१५ जशी टेक्सासच्या दुकानात मिळते तशी इथं घरात ठेवली तर ती असॉल्ट वेपन, म्हणजे फेलनी (गंभीर गुन्हा) ठरू शकेल अशी गोष्ट. मी विचारलं फरक कुठाय, तर त्यांनी माझा उजवा हात धरून (रायफल रिकामी आहे हे आधी चेंबर उघडून, बोट घालून, मलाही बघायला लावून) एआरच्या मुठीवर ठेवला आणि अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला जो खळगा असतो ना, तिथं पेनचं टोक टेकवलं. म्हणाले, हा भाग चापाच्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाच्या बरोबरीला किंवा त्याच्या खाली जाऊ शकतो का नाही, एवढं बघ, गेला तर ती पिस्टल ग्रिप. कॅलिफोर्नियाच्या नियमावलीत व्याख्याच तशी आहे. मिनी-१४ वर हात ठेवला तर तोच खळगा आपोआप वरच्या बाजूला येतो कारण लाकडी स्टॉकची मान सरळ मागे जाते. दोन मिनिटांत जे डोक्यात बसलं ते मी इंटरनेटवर कितीतरी वाचून बसलं नव्हतं.

हे सगळं येतं कॅलिफोर्नियाच्या पीनल कोडच्या कलम ३०५१५ मध्ये, आणि ते त्यांनी जसं सांगितलं तसं सांगतो. रायफल सेमी-ऑटो असेल, सेंटरफायर असेल (म्हणजे फायरिंग पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी बसते) आणि तिचं मॅगझिन फिक्स्ड नसेल, म्हणजे रायफल न उघडता निघत असेल, तर खालच्यापैकी एकही गोष्ट चालत नाही, एकही म्हणजे एकही : खाली उठून दिसणारी पिस्टल ग्रिप, अंगठा आरपार जाणारा थंबहोल स्टॉक, घडी होणारा किंवा आतबाहेर सरकणारा स्टॉक, फ्लॅश हायडर (नळीच्या टोकावरचा, जाळ कमी करणारा भाग), पुढच्या हातासाठीची उभी मूठ, आणि ग्रेनेड किंवा फ्लेअर लाँचर (हे शेवटचं कोण लावतं देव जाणे पण कायद्यात आहे). याच्या शिवाय दोन गोष्टी वेगळ्या, सेमी-ऑटो सेंटरफायर रायफलची एकूण लांबी ३० इंचांपेक्षा कमी नको, आणि मॅगझिन फिक्स्ड असलं तरी त्यात १० पेक्षा जास्त गोळ्या मावायला नकोत. फेडरल लेव्हलला १६ इंचांपेक्षा छोटी नळी किंवा २६ इंचांपेक्षा कमी एकूण लांबी म्हणजे शॉर्ट बॅरल रायफल, आणि अशा रायफलींवरचं फेडरल नियंत्रण १९३४ पासूनचं. त्याचा २०० डॉलरचा टॅक्स १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, आणि त्यामुळे बऱ्याच लोकांना वाटतंय की आता कॅलिफोर्नियातही छोटी रायफल घेता येईल. नाही येत. टॅक्स गेला, फेडरल रजिस्ट्रेशन आहेच, आणि राज्याची बंदी तर जिथल्या तिथं आहे. माझ्यासमोर एका मुलानं हेच विचारलं आणि त्यांनी त्याला तितक्याच शांतपणे सगळं समजावलं, हसले नाहीत, घाईही केली नाही.

एक गोष्ट इथं बरेच जण गोंधळतात, .२२ ची रायफल. ती रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या कडेवर फायरिंग पिन बसते, मध्यभागी नाही, आणि वरची फीचर्सची यादी सेंटरफायरसाठी आहे. म्हणून रुगर १०/२२ सारखी रायफल पिस्टल ग्रिप लावूनही चालते. पण मॅगझिनची १० ची मर्यादा रिमफायरलाही आहे, फक्त नळीसारखं ट्यूब मॅगझिन असेल तर सूट. नवीन माणसाला ते पहिली रायफल म्हणून १०/२२ च सुचवतात, जी त्यांच्याकडची सगळ्यात स्वस्त आहे, म्हणजे त्यात त्यांचा फायदा कमीच. मला हे फार आवडलं.

आता ज्यांना एआरच हवीय त्यांच्यासाठी इथं दोन रस्ते, दुकानातल्या भाषेत फीचरलेस आणि फिक्स्ड मॅग. फीचरलेस म्हणजे मॅगझिन नेहमीसारखं बटण दाबून निघतं पण वरच्या यादीतलं काहीच नाही : मुठीला मागे पंखासारखा प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे फिन ग्रिप, ज्यामुळे अंगठा पलीकडे गुंडाळता येत नाही आणि हात वर राहतो, स्टॉक एका जागी पक्का केलेला, नळीच्या टोकाला फ्लॅश हायडरऐवजी मझल ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) किंवा नुसतं थ्रेड झाकायचं टोपण. फिक्स्ड मॅग म्हणजे मूठ, स्टॉक सगळं नेहमीचं, पण मॅगझिन काढायचं तर आधी मागची पिन ओढून रायफलचे वरचा-खालचा असे दोन भाग उघडावे लागतात, आणि मॅगझिन १० चंच.

मालकांचं मत स्पष्ट आहे आणि मलाही पटतं, नवशिक्यानं फीचरलेस घ्यावी. फिन ग्रिप धरायला विचित्र वाटते, मनगट अवघडतं, दिसायलाही काही खास नाही, पण रेंजवर गोळी अडकली तर मॅगझिन लगेच बाहेर काढता येतं. फिक्स्ड मॅगमध्ये अडकलेली गोळी अशी असेल की बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा सरकता भाग, अर्धवट मागे राहिलाय, तर रायफल उघडतच नाही, आणि खाली भरलेलं मॅगझिन तसंच. अनुभवी माणूस सांभाळेल, पण शेजारच्या लेनमध्ये कोणाचं तरी पोर उभं असताना नवीन माणसाची तारांबळ उडालेली मला बघायची नाही. कायदा पाळायचे दोन रस्ते असले तरी ते दोन्ही सारखेच सुरक्षित आहेत असं नाही हे एवढ्या मोकळेपणानं सांगणारा विक्रेता भेटणं अवघड.

मझल डिव्हाइसबद्दल एक सांगायलाच हवं. पाकिटावर ब्रेक लिहिलंय म्हणून तो ब्रेक असं हे दुकान धरत नाही. व्याख्या अशी आहे की नेमबाजाच्या डोळ्यांसमोरचा जाळ जाणवण्याइतका कमी करणारं किंवा दुसरीकडे वळवणारं काहीही फ्लॅश सप्रेसर. मग काही हायब्रिड पार्ट असे येतात की कंपनीच अभिमानानं लिहिते की फ्लॅशही कमी होतो, ते पार्ट हे लोक फीचरलेस रायफलवर बसवून द्यायला सरळ नकार देतात. माझ्याच समोर एका गिऱ्हाइकाला परत पाठवलं. याच्या उलट, दुसऱ्या एका मोठ्या दुकानात मला सरकणाऱ्या स्टॉकबद्दल "असू दे रे, कोण बघतंय" असं उत्तर मिळालं होतं, त्या दुकानात मी पुन्हा गेलो नाही. बघणारा एखादा पोलीस असेल, रेंजचा माणूस असेल, घटस्फोटाच्या केसमधला वकील असेल, काय सांगता येतं?

हे सगळं असं मुठीवर आणि स्टॉकवर का येऊन थांबलं, तर त्याला इतिहास आहे. जानेवारी १९८९ मध्ये स्टॉकटनच्या शाळेत एका माणसानं गोळीबार केला, पाच मुलं गेली. त्याच वर्षी रॉबर्टी-रूस कायदा आला, त्यात बंदुकींची नावानिशी यादी होती. नाव बदलून तीच बंदूक विकायला कंपन्यांना फार वेळ लागला नाही, म्हणून १९९९ मध्ये एसबी २३ हा राज्याचा कायदा आला आणि २००० च्या सुरुवातीपासून नावाबरोबर आकारही बघायला लागले. मग बुलेट बटण निघालं, म्हणजे मॅगझिन बोटानं नाही पण गोळीच्या टोकानं किंवा टूलनं दाबून काढायचं, आणि टूल लागतं म्हणून ते काढता येण्यासारखं मानलं जायचं नाही. सॅन बर्नार्डिनोच्या हत्याकांडानंतर, २०१६ मध्ये, गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी नवीन कायदे सही केले आणि २०१७ पासून फिक्स्डचा अर्थ झाला, बंदुकीची अॅक्शन, म्हणजे गोळी भरणारी आतली यंत्रणा, उघडल्याशिवाय मॅगझिन निघता कामा नये. जुन्या बुलेट बटणवाल्या रायफली रजिस्टर करायची मुदत ३० जून २०१८ ला संपली. म्हणून कोणी जुनी बुलेट बटणवाली स्वस्तात देतोय म्हणाला तर तिकडे फिरकू पण नका. मालकांकडे असा एक जुना बुलेट बटणचा पार्ट सुटा ठेवलेला आहे, फक्त दाखवायला, तो हातात घेतला की ही सगळी भानगड कळते.

मॅगझिनचं प्रकरण मात्र रायफलपेक्षा जास्त लोकांना अडचणीत टाकतं असं मला वाटतं, कारण मॅगझिन म्हणजे एक पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा, त्याला सीरियल नंबर नाही, नेवाडात काउंटरवर वीस डॉलरच्या आसपास मिळतो, कोणी काही विचारत नाही. रेनोला फिरायला गेलात, ३० चं मॅगझिन घेतलंत, तिथं ते पूर्ण कायदेशीर. तेच घेऊन राज्याची हद्द ओलांडून कॅलिफोर्नियात आलात की तुम्ही ते इम्पोर्ट केलं, आणि १० पेक्षा जास्तीचं मॅगझिन आणणं, विकणं, बनवणं, देणं इथं २००० पासून बंद आहे. २०१६ च्या प्रॉप ६३ नं, म्हणजे मतदारांनी थेट मंजूर केलेल्या कायद्यानं, तर बाळगण्यावरही बंदी घातली, त्यावर डंकन नावाची केस चालली. २९ मार्च २०१९ ला जज बेनिटेझ यांनी बंदी रद्द केली, आठवडाभर लोकांनी धडाधड मॅगझिनं मागवली, त्याला इथले लोक फ्रीडम वीक म्हणतात, मग स्टे आला. २० मार्च २०२५ ला नाइन्थ सर्किटच्या, म्हणजे इथल्या फेडरल अपील कोर्टाच्या, मोठ्या पीठानं ७ विरुद्ध ४ असा कायदा वैध ठरवला. काउंटरवर कोणीतरी हमखास विचारतंच की मी फ्रीडम वीकमध्येच घेतलं असं सांगितलं तर, आणि मालक त्या संभाषणातच पडत नाहीत, तुझ्या वकिलाला विचार म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. बरोबरच आहे.

३० च्या आकाराचं पण आतून १० ला कायमचं बंद केलेलं मॅगझिन इथं मिळतं, १०/३० म्हणतात त्याला. त्यांनी एक हातात देऊन तळाचा रिव्हेट दाखवला, म्हणाले हा रिव्हेट आहे म्हणून ते १० चं आहे, तो काढलास की तू नवीन ३० चं मॅगझिन बनवलंस. बास, एवढं एक वाक्य पुरेसं आहे.

आता राज्यं बदलण्याचं. आपली माणसं नोकरीसाठी सारखी हलतात, आज सनीवेल, उद्या सिएटल, परवा न्यू जर्सी, आणि सामानाच्या ट्रकबरोबर रायफलही जाते. दुकानात काउंटरच्या काचेखाली राज्यवार माहितीचा एक कागद लावलाय, सेवेचा भाग म्हणून तो मला सगळ्यात उपयोगी वाटला. वॉशिंग्टनचं उदाहरण घ्या, तिथं एप्रिल २०२३ पासून एआर-१५ हे नावच यादीत आहे, सगळ्या रूपांतलं, म्हणजे तुमची कॅलिफोर्नियात एकदम स्वच्छ असलेली फिन ग्रिपवाली एआर तिकडे नेणं म्हणजे बंदी असलेली गोष्ट आणणं. आधीपासून तिथं राहणाऱ्याकडे असलेली ठेवता येते, नवीन आणता किंवा विकता येत नाही. मेरीलँडमध्ये उलटंच काहीतरी, जाड नळीची, एचबार म्हणतात ती एआर चालते. न्यूयॉर्कमध्ये २०१३ च्या सेफ अॅक्टपासून असॉल्ट वेपन ठरायला एक फीचर पुरतं, आणि २०२२ पासून सेमी-ऑटो रायफल घ्यायला वेगळं लायसन्स. न्यू जर्सीत मॅगझिन आधी १५ चं होतं, २०१८ पासून १०. इलिनॉयमध्ये जानेवारी २०२३ पासून रायफलला १०, पिस्तुलाला १५. कोलोरॅडोत १५, डेलावेअरमध्ये १७, आणि टेक्सास, अॅरिझोना, नेवाडात राज्याची मर्यादाच नाही. एका देशात इतके आकडे! टेक्सासहून इकडे येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, कॅलिफोर्नियात राहायला आल्यावर ६० दिवसांच्या आत सोबत आणलेल्या बंदुका राज्याला कळवाव्या लागतात, आणि असॉल्ट वेपनच्या व्याख्येत बसणारी रायफल किंवा मोठी मॅगझिनं तर आणायचीच नसतात, येण्याआधीच त्यांची सोय लावायची.

खरेदीची प्रक्रिया इथं नीट करून घेतात. फायरआर्म सेफ्टी सर्टिफिकेटची ३० प्रश्नांची परीक्षा दुकानातच होते, २३ बरोबर लागतात, फी २५ डॉलर, पाच वर्षं चालतं. मग खरेदीदाराची माहिती भरायचा फेडरल ४४७३ फॉर्म, त्यात गांजाचा प्रश्न येतो, आणि कॅलिफोर्नियात गांजा चालत असला तरी फेडरल कायद्यात चालत नाही हे ते फॉर्म हातात द्यायच्या आधी सांगतात. राज्याची फी ३७.१९ डॉलर, मग दहा दिवस थांबायचं. घ्यायला गेलात की डमी गोळ्या देऊन भरून, रिकामी करून दाखवायला लावतात, बरीच दुकानं हे उरकून टाकतात, इथं माझ्याकडून चेंबर परत तपासून घेतला तेव्हाच सही दिली. जुलै २०२४ पासून ११ टक्के जो राज्याचा वेगळा टॅक्स आहे तो विक्रेत्यावर आहे, पण बिलात तो वेगळी ओळ करून दाखवतात, किमतीत लपवत नाहीत. घरी कुलपाची सोय आहे का हेही विचारलं. आणि सॅन होझेमध्ये राहत असाल तर २०२३ पासून शहराच्या नियमानं बंदुकीसाठी लायबिलिटी इन्शुरन्स लागतो, बहुतेक वेळा घराच्या किंवा रेंटर्स पॉलिसीत तो बसतो, एजंटला फोन करून विचारून घ्या, हेही मला त्यांनीच सांगितलं.

आता अर्धा स्टार. फोन उचलत नाहीत, वेबसाइटवरचा स्टॉक जुना असतो, शनिवारी नंबर द्यायची पद्धत नाही त्यामुळे जो जोरात बोलतो त्याचं आधी होतं. निवड कमी, किमती मोठ्या दुकानांपेक्षा थोड्या चढ्या. आणि तो काचेखालचा कागद मी गेलो तेव्हा जुना होता, रोड आयलंडनं २०२५ मध्ये केलेला कायदा, जो १ जुलै २०२६ पासून लागू व्हायचा होता, त्यात नव्हता. मी सांगितल्यावर त्यांनी काच उचलून पेननं लिहिला, ते ठीक, पण ज्या कागदावर विसंबून कोणी सामान बांधेल तो महिन्याला तरी तपासला पाहिजे. तुम्हीही दुकानाच्या कागदावर थांबू नका, जिथं जाताय त्या राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या किंवा पोलिसांच्या साइटवर त्या आठवड्यात परत बघा, आणि रस्त्यात मधली राज्यं लागत असतील तर रायफल रिकामी, कुलूपबंद, गाडीत हाताला लागणार नाही अशी ठेवा. फेडरल कायद्याचं संरक्षण तेवढ्यापुरतंच आहे, आणि तेही निघायच्या आणि पोचायच्या दोन्ही ठिकाणी ती रायफल कायदेशीर असेल तरच.

जायचं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, मालक तेव्हा निवांत असतात आणि प्रश्न विचारले की खूश होतात. ग्रीन कार्ड ओरिजिनल न्या, सोबत पत्ता असलेलं लायसन्स, लायसन्सवरचा पत्ता जुना असेल तर आधी तो बदलून घ्या, मोबाइलमधल्या फोटोवर तिथं काहीही होत नाही.